पाठभेद

बुधवारी अकराला, चहा यायच्या आधी,
कुलसचिवांचं पत्र आलं मेलवर:
आपली पेन्शनची फाइल अपूर्ण आहे, चोवीस तासांत
खाली दाबून खातं पडताळून घ्यावं.
तीन महिने उरलेत माझे.
मी दाबलं.

विद्यापीठाचंच पान, डाव्या कोपऱ्यात तोच घुमट.
नाव विचारलं. दिलं: सबनीस, हस्तलिखित विभाग.
पासवर्ड विचारला. तोही दिला.
टिटवी, आणि पुढे लग्नाचं साल.
पान क्षणभर पांढरं झालं, मग म्हणालं, धन्यवाद.

बत्तीस वर्षांत कुठलेच कुलसचिव
धन्यवाद म्हणालेले नाहीत.

तेव्हा चष्मा पुसून पत्ता वाचला,
पोथी वाचतो तसा, अक्षर अक्षर सुटं करून.
एलच्या जागी एक उभा होता. आकडा.
एलचा सदरा घालून.

हेच तर करत आलो मी:
ष की ख, व की ब,
दोन ओळींत एकच शब्द आला की लेखकूचा डोळा
वरून खाली घसरतो आणि मधली ओळ गळते.
सुरतेच्या पोथीत गळलेली ओळ
पाटणच्या पोथीतून शोधून दिली आहे मी,
तळटीप आहे तशी.
पण लेखकूची चूक झोपेची असते.
दिव्यात तेल कमी, बोटं गारठलेली.
ही चूक कुणीतरी जागं राहून केली होती.

संगणक केंद्रातून उर्विश सोलंकी आला.
‘काका, गभरावानुं नहीं,’ म्हणाला,
तेव्हा कुठे मी घाबरलो.
ओरडला नाही. किती वाजता दाबलं, एवढंच विचारलं.
वीस मिनिटं झाली होती.
सेटिंगमधली कुठली कुठली दारं उघडून
त्याने एका ओळीवर बोट ठेवलं:
माझ्या प्रत्येक पत्राची एक प्रत
बाहेर जायला लागली होती.
वीस मिनिटांत बसलासुद्धा नवा लेखकू,
एकही कानामात्रा न चुकवणारा.

ती ओळ खोडली. सगळ्यांना बाहेर काढलं,
मलाही. नवा पासवर्ड, वर फोनवर सहा आकडे.
मग बँक, कारण तिथेही टिटवीच,
गॅस, वीज, ग्रंथालय.
टिटवी झाडावर बसत नाही म्हणतात.
माझी प्रत्येक फांदीवर होती.

पोथीच्या शेवटी लेखकू हात जोडतो:
पाठ मोडली, मान वाकली,
चूक दिसली तर राग धरू नका.
मीही तीन ओळी पाठवल्या सबंध विद्याशाखेला:
मी फसलो.
माझ्या नावाने काही आलं तर दाबू नका.
शंका वाटली तर फोन करा.

अकरा फोन आले.
‘सबनीस, हे पत्र तरी तुमचंच ना?’
पालीच्या प्रियंवदाबेन म्हणाल्या, असं काहीतरी बोला
जे तुम्हीच बोलाल.
म्हटलं, अठ्ठ्याण्णव साली नेलेलं सूचिपत्र
अजून परत आलेलं नाही.
‘हा,’ म्हणाल्या, ‘तमे ज छो.’

हिशेब खात्याच्या लोमट्यांनी फोन केला नाही.
स्वतः आले, दार लोटलं,
खुर्चीच्या कडेवर टेकले.
सोमवारी मलाही आलं होतं, म्हणाले.
आज गुरुवार उजाडेल, कुणाला बोललो नाही.
मी उर्विशचा नंबर कागदावर लिहून दिला,
आणि तो चहा, जो तोवर निवला होता.

संध्याकाळी दांडिया बाजारात, घरी,
ती उसळीवर घालायला कांदा चिरत होती.
‘तुझं नाव मी कुणाला तरी देऊन बसलो.’
‘कुठलं?’
‘ते.’
सुरी थांबली. ते नाव या घराबाहेर
तिच्या भावालाही ठाऊक नाही.
‘कशावरून ठेवलं, ते कळेल त्याला?’
‘नाही.’
‘मग काय गेलं?’
थोड्या वेळाने, कांद्याकडेच बघत:
‘आता काय ठेवलंस?’
‘सांगायचं नसतं. उर्विशने बजावलंय.’
‘असं?’ म्हणाली,
आणि माझ्या ताटलीत लिंबू पिळलं,
जरा जास्तच.